ग्रंथालयाने द्यावे असे एक पारितोषिक

अमेरिकेतील काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या उत्कृष्ट संशोधन प्रकल्पांना खुद्द ग्रंथालय पारितोषिक देते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे असे पारितोषिक बऱ्यापैकी परिचित आहे. प्रकल्प आणि संदर्भसूची यांच्या जोडीला तेथे एक छोटा निबंध मागितला जातो. साधने कोठे व कशी शोधली, त्यांची पारख कशी केली आणि या शोधात मूळ प्रश्न कसा बदलत गेला, हे विद्यार्थ्याने त्यात सांगायचे असते. सांगलीत इतिहासाचे प्रकल्प तपासताना मला या निबंधाची उणीव नेहमी जाणवते, कारण अहवाल कितीही नीटनेटका असला तरी तो कसा घडला याचा पत्ता त्यावरून लागत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांचा आवडता विषय घेऊ : क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. विद्यार्थी साहजिकच ‘सांगली’ या नावाखाली शोध सुरू करतो आणि त्याला फारसे काही सापडत नाही. १९४३ ते १९४६ या काळात सांगली जिल्हाच अस्तित्वात नव्हता. नाना पाटलांचे येडे मच्छिंद्र ज्या वाळवा तालुक्यात आहे तो तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, चळवळीचे मोठे केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानात मोडत होते, तर सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. म्हणजे आज एका जिल्ह्यात असलेल्या गावांची कागदपत्रे पाहायला तीन वेगवेगळ्या दप्तरांची दारे ठोठवावी लागतात. हे ज्याच्या लक्षात येते त्याला पुढचा प्रश्नही आपोआप सुचतो : ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख यांच्या या सरमिसळीचा भूमिगतांना कितपत आधार झाला? माझ्या मते प्रकल्पाचा खरा कस येथेच लागतो, आणि छापील अहवालात नेमका हाच भाग दिसत नाही.

राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा आहे आणि तिचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु तेथे भर पोस्टरवर आणि सादरीकरणावर असतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आला असल्याने प्रकल्पांची संख्या वाढेल, आणि अर्थातच आयत्या मजकुराचीही.

म्हणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने असे पारितोषिक सुरू करावे. रक्कम मामुली असली तरी चालेल. परीक्षकांत ग्रंथपाल हवेत (आपल्याकडे त्यांना पुष्पगुच्छ देण्यापुरते व्यासपीठावर बोलावले जाते), निम्मे गुण शोधाच्या निबंधाला असावेत आणि तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने संदर्भसूचीतील कोणतीही दोन पुस्तके काढून आपला आधार कोठे आहे ते दाखवावे.

एक अट मात्र मी आग्रहाने घालीन. निवडलेल्या प्रकल्पाची ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत रीतसर नोंद व्हावी, त्याला दाखल क्रमांक मिळावा आणि तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या ग्रंथसूचीत, तो विषयानुसार सापडावा. आज सुबक बांधणी केलेले अहवाल विभागाच्या कपाटात काही वर्षे राहतात आणि जागा अपुरी पडली की रद्दीत जातात. परिणामी त्याच विषयावर काम करणारा पुढचा विद्यार्थी पुन्हा ‘सांगली’ या नावापासूनच सुरुवात करतो.