गेजवर ऑइल वाढत होतं

आमच्या ट्रकचे ड्रायव्हर मामा पहाटे सेल मारायच्या आधी गेज, म्हणजे इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढून बघतात. इतक्या वर्षांत त्यांचा एकही दिवस चुकलेला नाही. मागच्या पावसाळ्यात वाशी मार्केटला कांदा उतरवून ते परत आले आणि मला म्हणाले, "शेठ, ऑइल वाढलंय." मला वाटलं, घाईत म्हणाले असतील. मी विचारलं, "कमी झालंय का?" तर म्हणाले, "नाही, वाढलंय. वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे. आणि आपण टाकलेलं नाही."

गाडी 2018 ची, बीएस-4 (प्रदूषणाच्या तेव्हाच्या नियमांची), सहा सिलेंडरचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे पंप डिझेल मोठ्या दाबाने एका सामाईक नळीत भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं. चेंबरात, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, साधारण 18 लिटर ऑइल बसतं. ऑइल कमी झालं की सगळेच घाबरतात. वाढलं की मात्र कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. ज्या मोठ्या वर्कशॉपात गाडी दाखवली तिथे सांगितलं, मागच्या सर्व्हिसला जास्त भरलं गेलं असेल. दोन लिटर काढलं आणि गाडी सोडून दिली.

दोन फेऱ्यांनंतर गेज परत वर. पुन्हा तिथेच गेलो. या वेळी सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही इंजेक्टर काढून त्यांच्या ओ-रिंग (रबरी कड्या) आणि वॉशर बदलले. बिल चांगलंच झालं आणि त्यापुढच्या दोन फेऱ्यांत ऑइल पुन्हा लिटरभर वाढलं. त्या वर्कशॉपात कुणीही एकदाही ऑइल हातात घेऊन बघितलं नव्हतं, ही गोष्ट मला आजही खटकते.

मग नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनसजवळचे एक मिस्त्री आठवले. माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन त्यांनीच बांधलं होतं. त्यांनी पाना उचललाच नाही. म्हणाले, "भाऊ, गाडी रात्रभर सपाटीवर उभी करा. सकाळी आल्याशिवाय सेल मारायचा नाही."

सकाळी आले ते एक जुना तवा आणि वर्तमानपत्राचा कागद घेऊन. चेंबरचा बोल्ट जेमतेम सैल करून पहिले चार थेंब वाटीत धरले. पाणी असेल तर ते रात्रीतून तळाशी बसतं, म्हणून सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. तवा तापवून त्यावर थेंब टाकले. पाणी असतं तर तडतड झाली असती. आवाज आला नाही, नुसता धूर निघाला. कूलंटची पातळीही जिथल्या तिथे होती. कूलंटचं पाणी ऑइलात शिरू शकतं अशा जागा, म्हणजे हेड गॅस्केट, ऑइल कूलर, लायनरचे रबर, यांच्यावरचा संशय तिथेच मागे पडला. पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनच्या गिअरवर चालतो, त्याचं सील गेलं तरी तिकडचं तेल इंजिनात उतरतं. पण त्याचा डबाही भरलेला होता.

मग कागदावर एक थेंब सोडला आणि अर्धा तास तसाच ठेवला. मधे काळा डाग, आणि त्याच्याभोवती पसरत गेलेलं पिवळसर, पारदर्शक कडं. मिस्त्रींनी कागद उजेडात धरून दाखवला. "हे कडं डिझेलचं." गेजच्या टोकाला नाक लावलं तर मलाही वास आला. बोटांवर चोळलं तर 15डब्ल्यू-40 ऑइलचा चिकटपणा कुठेच नव्हता, पातळ झालं होतं.

मी म्हटलं, डिझेल जात असतं तर अॅव्हरेज पडला नसता का? त्यांनी तोंडी हिशेब मांडला. दोन फेऱ्यांचे हजार किलोमीटर, चारचा अॅव्हरेज, म्हणजे 250 लिटर डिझेल. त्यातलं एक लिटर चेंबरात गेलं तर पंपावरच्या पावतीत ते कधी दिसणार? ते दिसतं फक्त गेजवर.

त्या दिवसापासून गाडी उभी केली. पातळ ऑइलने बेरिंगं घासतात, हे मला माहीत होतं. दुसरा धोका मिस्त्रींनी सांगितला. ऑइल फार वाढलं तर फिरता क्रँक ते घुसळतो, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने ते हवेबरोबर सिलेंडरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन तेच जाळत सुटतं. मग चावी काढली तरी बंद होत नाही. कसारा घाटात मामा एकटे असताना असं झालं असतं तर, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही.

आता प्रश्न होता डिझेल शिरतंय कुठून. इंजिनावरचं टॅपेट कव्हर उघडून इंजेक्टरच्या भोवती बघितलं, तिथे काही सापडलं नाही. राहिला डिझेल दाबाने पुढे पाठवणारा हायप्रेशर पंप. तो गिअरवर चालतो आणि त्याच्या शाफ्टचं सील गेलं की डिझेल गुपचूप टायमिंगच्या बाजूने चेंबरात उतरतं. पंप उतरवला तर सीलपाशी ओल होती. पुसली तरी परत डिझेल झिरपायचं.

मी लगेच म्हटलं, पंपवाल्याकडे देऊन सील बदलू. मिस्त्री म्हणाले, "सील का गेलं ते कळल्याशिवाय नवं बसवणार नाही." पंपाची रिटर्न लाइन, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइप, हाताने चाचपत ते टाकीपर्यंत गेले. चेसिसच्या आडव्या पट्टीजवळ थांबले आणि मला वाकून बघायला लावलं. काही महिन्यांपूर्वी रस्त्यात कुणीतरी रबरी पाइप बदलून दिला होता आणि तो हलू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळला होता. पाइप तिथे चपटा झाला होता. डिझेल परत जायला वाट नाही, म्हणून पंपाच्या आत दाब साचत गेला आणि सीलने जीव सोडला. नुसतं सील बदललं असतं तर नवंही गेलं असतं.

पाइप नवा टाकला, पंप बेंचवर तपासून सील बदलून आणला. चेंबर उतरवून बेरिंगं पाहिली तर त्यातल्या दोन बेरिंगांवर वरचा थर झिजून खालचं तांबं दिसायला लागलं होतं. पूर्ण सेटच बदलला. ऑइल आणि फिल्टर नवे. सहा दिवस गाडी उभी राहिली.

बाहेर काढताना मामांनी गेजवर हॅक्सॉ ब्लेडने बारीक खूण केली. आता वहीत डिझेलच्या शेजारी गेजचा वेगळा रकाना आहे, रोज पहाटेची नोंद. पहिल्या सहा फेऱ्यांत ऑइल त्या खुणेवरून हललं नाही. सातव्या फेरीला केसभर खाली आलं, तेव्हा मामांनी वाशीहून फोन करून ते आनंदाने सांगितलं.