तुम्ही विचारलंत म्हणून: अंतराळवीराशी बोललात का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना. "तुम्ही ते हॅम रेडिओवाले ना? मग अंतराळवीराशी बोललात का?" हॅम म्हणजे हौसेने, परवाना घेऊन रेडिओवरून बोलणारा. इतकी वर्षं मी माणूस बघून उत्तर देत आलोय. घाईतला असेल तर "हो". चिकित्सक वाटला तर "तसं म्हणता येईल". विचारणारा स्वतःच हॅम असेल तर मी चहा मागवतो. आता एकदाच लिहून ठेवतो.

"बोलणं" या शब्दानेच घोटाळा होतो. तुमच्या डोळ्यांसमोर गप्पा असतात: वर कसं वाटतं, भारत कसा दिसतो. प्रत्यक्षात आपलं कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओचं नाव, सांगायचं, पुणेकर असाल तर एमके सिक्स्टी एट हा नकाशातला चौकोन सांगायचा, "फाइव्ह नाइन" म्हणजे आवाज छान येतोय हे सांगायचं, की झालं. ऐकणाऱ्याचं तोंड पडतं. पण सुटलेल्या गाडीच्या खिडकीत ओळखीचा माणूस दिसला, तर तुम्ही तरी काय बोलता हो? अंतराळवीर राहतात ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. एका फेरीत आपल्या आकाशात फार तर दहा मिनिटं.

आणि "मोबाईल असताना हे कशाला?" याला मी उत्तर देत नाही. म्हणजे देतोच, पण चिडून. तुमच्या मोबाईलला टॉवर लागतो, कंपनी लागते. माझ्याकडे पाच वॅटची हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, होती आणि स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपावर बसवून घरी केलेला यागी, म्हणजे एका दिशेला रोखून धरायचा, अँटेना. परीक्षा देऊन परवाना घेतलेला. मध्ये कोणी नाही, चारशे किलोमीटर नुसती हवा आणि पोकळी. इस्रोने तर हौशी लोकांसाठी अख्खा उपग्रह सोडला होता, हॅमसॅट. ५ मे २००५ ला पीएसएलव्हीवरून गेला आणि जुलै २०१४ पर्यंत चालला. मी तो फक्त ऐकला. त्याच्यावरून बोलायला एसएसबी या वेगळ्या पद्धतीचा सेट लागायचा, माझी हँडी एफएमची.

तर २०१०, ऑक्टोबर. त्या वर्षी स्थानकावरून वरचेवर असे फुटकळ संपर्क होत होते. संध्याकाळची फेरी, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, जवळजवळ डोक्यावरून. गच्चीवर मी आणि मुलगी. ती तेव्हा अकरा वर्षांची, आणि अँटेना धरणं हे तिचं काम. दोन वर्षं तीच धरायची. उपग्रह कुठे असेल हे कागद न बघता तिला कळायचं, कसं ते मला माहीत नाही. शेजारी पाण्याच्या टाकीवर मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला.

१४५.८०० मेगाहर्ट्झवर आवाज आला. स्वच्छ. "नोव्हेंबर अल्फा वन सिएरा सिएरा." स्थानकाचं कॉल साइन, एनए-वन-एसएस. स्थानक ऐकायचं त्या १४४.४९० वर मी हाक मारली. पण त्या क्षणी श्रीलंकेपासून हिमालयापर्यंत आणि आखातापर्यंतचा जो तो हाक मारत असतो, कारण स्थानकाला एवढा सगळा पट्टा एकदम दिसतो. एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरदार तोच वर पोचतो, बाकीचे दबतात. पाच वॅटवाल्याने काय आशा धरावी? एक हाक, दोन, चार. सातव्या मिनिटाला स्थानक खानदेश मागे टाकून मध्य प्रदेश ओलांडत होतं आणि वरचा अंतराळवीर म्हणाला, "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री..." व्हीयू-थ्री, माझ्या कॉल साइनची सुरुवात.

आणि मी बटण दाबलं.

रेडिओ न वापरणाऱ्यांसाठी सांगतो. बटण दाबलं की माझ्या हँडीला ऐकू येत नाही. तो पुढची अक्षरं उच्चारत होता तेव्हा मी माझीच अक्षरं ओरडत होतो. बटण सोडलं तर खरखर. मग पुसटसं "सेव्हन थ्री", म्हणजे शुभेच्छा. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. नंतर काहीच नाही. मी मुलीवर ओरडलो, "अगं वर धर, वर! खाली का आणलीस?" तिने अँटेना टाकीला टेकवून ठेवली, चप्पल घातली आणि खाली निघून गेली. पुन्हा कधी धरली नाही.

वर्षभर मी हेच सांगत होतो की अँटेना हलली म्हणून संपर्क अर्धा राहिला. एका शाळेत विज्ञान दिनाला तर सरळ "हो, बोललो" म्हणालो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझं काय चुकलं? भारतातल्या व्हीयू-थ्रीला त्याने हाक दिली, आणि हाक मारणारा मी होतो. होतोच ना? पण व्हीयू-थ्री काय मी एकटा आहे? बंगळूरला असतील, हैदराबादला असतील, त्यांचे अँटेना माझ्यापेक्षा मोठे.

ते रेकॉर्डिंग मी फार उशिरा, जुना मोबाईल विकताना ऐकलं. त्यात "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आहे, त्यावर माझा आवाज आहे, मग "वर धर, वर". स्थानक तेव्हा ईशान्येला उतरत होतं. अँटेना खालीच आणायला हवी होती. ती बरोबर आणत होती.

हे मी तिला सांगितलंय. "मला आठवत नाही रे बाबा," म्हणाली. आठवत असावं.

आमच्या नियमात दोघांनी एकमेकांचं कॉल साइन पूर्ण घेतल्याशिवाय संपर्क धरत नाहीत. त्या हिशोबाने नाही, बोललो नाही. पण मी तेव्हा तिथे उभा होतो, आणि तो आवाज माझ्याकडेच वळला होता असं मला वाटलं, ते अजून वाटतं. लॉगबुकात ती नोंद आधी शाईने होती. मी ती खोडली आणि खाली पेन्सिलीने पुन्हा लिहिली.

गेल्या वेळी स्थानकावरून चित्रं प्रसारित झाली, तेव्हा मी एक उतरवून तिला पाठवलं. अर्धं बरं, अर्धं रेघारेघांचं. तिचं उत्तर आलं: "अँटेना कोणी धरली होती?"

ट्रायपॉडला बांधली होती. नैर्ऋत्येकडे तोंड करून, एकाच जागी.