अण्णांच्या प्रेसचं मशीन

सप्टेंबर महिन्यात छापखानेवाल्याशी गप्पा मारायला जाऊ नये. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा महिनाअखेरच्या आत उरकायच्या असतात, त्याआधी अहवाल सभासदांच्या घरी पोचायला हवा असतो, आणि आमच्या कराड तालुक्यातल्या पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था सगळ्यांना तो एकाच पंधरवड्यात हवा असतो. गणपती नुकतेच उठले होते आणि अण्णांच्या प्रेसमधलं पानं जुळवायचं डीटीपीचं मशीन बसलं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यातली निम्मी दुरुस्ती खोडरबराने होते. रॅम काढायची, तिची सोनेरी पट्टी घासायची, परत लावायची. गिऱ्हाईक बघत असेल तर हे जरा सावकाश करायचं, नाहीतर पैसे देताना त्याचा जीव जातो. पण अण्णांचं मशीन उघडलं आणि खोडरबर खिशातच ठेवलं. प्रोसेसरशेजारचे चार कपॅसिटर फुगले होते, एकाच्या डोक्यावर तपकिरी थर आला होता. कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातला मदरबोर्ड. शाईच्या वासात आणि कटिंगच्या भुशात इतकी वर्षं चालला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हार्डडिस्क शाबूत होती. तिच्यावर विंडोज एक्सपी, पानं लावायचं पेजमेकर ७ (२००१ चं, त्यानंतर पेजमेकरची मोठी आवृत्ती निघालीच नाही) आणि मराठी फाँटचं एक जुनं पॅकेज. ते पॅकेज चालायला मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरची वायर लागते ती जागा) काडेपेटीएवढं लॉक लावावं लागतं. लॉक नसेल तर फाँट नाही, आणि फाँट नसेल तर ‘नफा-तोटा पत्रक’ या शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी दिसते. प्रेसमधल्या ताई अहवाल कसा करतात ते सांगतो म्हणजे याचं महत्त्व कळेल. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, ‘चालू वर्ष’ हा रकाना ‘मागील वर्ष’मध्ये सरकवायचा, नवे आकडे भरायचे. चेअरमन बदलला असेल तर फोटो बदलतो. मनोगत बदलत नाही.

मी अण्णांना म्हटलं, एच ६१ चिपसेटचा जुना बोर्ड टाकू, त्यावर विंडोज ७ बिनतक्रार चढेल, उद्या संध्याकाळी काम चालू. अण्णा म्हणाले, “जुनं मेलं म्हणून परत जुनंच आणायचं? पुतण्यानं नवीन मशीन पाठवलंय, त्यात बसव.” पुतण्या पुण्यात आयटीत आहे. आयटीतल्या माणसाला हार्डवेअर कळतं हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. मशीन चांगलं होतं, प्रश्न तो नव्हता. आय-थ्री १२१००, एच ६१० चा बोर्ड, आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई (नव्या जातीची डिस्क), त्यावर विंडोज ११. घरात पोरांना द्यायला उत्तम.

इथे मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. दुकानात अजून दोघं बसलेले होते, आणि त्यांच्यासमोर “जमणार नाही” हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

विंडोज ७ आलं २००९ मध्ये आणि त्याचं अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. एच ६१० बाजारात आला २०२२ च्या सुरुवातीला. म्हणजे एकाच्या तेराव्यानंतर दुसऱ्याचं बारसं. या दोघांचं जमवून द्यायचं होतं. बरं, ७ च का? आधी दुकानातल्या दुसऱ्या जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज १० टाकून पाहिलं. पेजमेकरसुद्धा उघडलं, पण लॉकचा ड्रायव्हर टाकला की निळी स्क्रीन. व्हर्च्युअल मशीनमधून, म्हणजे एका विंडोजच्या पोटात दुसरं चालवून, लॉकपर्यंत पोचण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली, तेही जमलं नाही. ३२ बिटच्या विंडोज ७ वर हेच लॉक चालतं हे मला दुसऱ्या एका प्रेसमुळे माहीत होतं.

पहिल्या दिवशी आमच्या पोऱ्याने घाईत ६४ बिटची डीव्हीडी लावली. चार रंगांचे ठिपके एकत्र येतात, झेंडा होतो आणि तिथेच सगळं गोठतं. तासाभराने मला त्याचं कारण आठवलं. विंडोज ७ चा सुरुवातीचा चित्र दाखवणारा ड्रायव्हर ग्राफिक्सच्या जुन्या पद्धतीच्या मूळ प्रोग्रामला, व्हिडिओ बायोसला, हाक मारतो. या नव्या बोर्डांत शुद्ध यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत, चालू असताना त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही. हाक मारणारा उत्तराची वाट बघत उभा. आणि ३२ बिटचं विंडोज ७ तर यूईएफआयने सुरूच होत नाही. म्हणजे बोर्डाच्या सेटअपमध्ये जुन्या जमान्याची सोय, सीएसएम, चालू करणं भाग.

सीएसएमची ओळ सेटअपमध्ये दिसत होती, पण करड्या अक्षरात. बोट ठेवता येईना. सिक्युअर बूट बंद केलं, बायोस नवीन टाकलं, सेल काढून परत लावला, तरी करडीच. डिस्ट्रिब्यूटरला फोन केला तर तो म्हणाला, “सर, विंडोज ११ टाका ना, ओरिजिनल आहे.” यूट्यूबवर एक जण बारा मिनिटं बोलतो आणि शेवटी सांगतो की लिंक खाली दिली आहे. ती लिंक मेलेली.

उत्तर प्रोसेसरमध्ये होतं. या पिढीतल्या इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला जुना व्हिडिओ बायोस दिलेलाच नाही, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय बोर्ड सीएसएम उघडून देत नाही. पुण्याहून तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडून जीटी ७१० मागवलं, ट्रॅव्हल्सच्या गाडीने रात्री आलं. कार्ड बसवलं, सेटअपमध्ये गेलो, आणि करडी ओळ पांढरी झाली होती. रात्री साडेअकराला दुकानात एकट्याने टाळी वाजवली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवसाचं सामान मी अडगळीतून काढलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. इंटेलच्या चिपसेटांतून यूएसबीचा जुना कंट्रोलर २०१५ मध्येच गेला, आणि नवा विंडोज ७ ला ओळखता येत नाही. त्यामुळे पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू होतं आणि दुसऱ्याच खिडकीत विचारतं, सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर द्या. गिऱ्हाईक तेव्हा डीव्हीडी शोधायला लागतं. मुळात त्याला स्वतःचा पेनड्राइव्ह दिसत नसतो. कीबोर्ड-माऊसही मेलेले, म्हणजे ‘कॅन्सल’ दाबायचीसुद्धा सोय नाही. पण एच ६१० च्या त्या बोर्डाला मागे एक गोल पीएस-टू पोर्ट होता. भंगारच्या पेटीतून पीएस-टू कीबोर्ड काढला, ‘एस’ची कळ उडालेला. जुन्या मशीनचा, यूएसबीऐवजी साटाच्या वायरवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह काढून लावला. एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या डीव्हीडीत नसतोच, म्हणून ती काढून ठेवली आणि साधी साटा एसएसडी लावली. पोऱ्या म्हणाला, “मालक, हे सगळं आपण मागच्या महिन्यात भंगारात देणार होतो.” मी काही बोललो नाही, पण पेटी परत माळ्यावर ठेवायला लावली.

मग आली निळी स्क्रीन, स्टॉप कोड ए-फाइव्ह. तिथेच मजकूर असतो की बायोस एसीपीआयला धरून नाही. खरं तर उलट आहे. मशीनमध्ये कोणती गोष्ट कुठे आहे याची यादी एसीपीआयच्या नमुन्यात बोर्ड विंडोजला देतो, ती आता नव्या बोलीत लिहिलेली असते आणि विंडोज ७ ला तेवढी बोली येत नाही. न समजल्यावर दोष लिहिणाऱ्याला द्यायचा. सरकारी कचेरीत आपला अर्ज परत येतो तसं.

यावर अधिकृत इलाज नाही. जगात कुठेतरी बसलेल्या काही हौशी लोकांनी विंडोज ७ ची एसीपीआयची फाईल दुरुस्त करून ठेवली आहे. ती घेतली, डीव्हीडीतल्या दोन्ही प्रतिमांमध्ये (एक इन्स्टॉल चालवणारी, दुसरी डिस्कवर उतरणारी) बदलली, नवीन डीव्हीडी जाळली. पहिली वाया गेली, कारण मी एकाच प्रतिमेत फाईल बदलली होती. इन्स्टॉल झालं आणि पहिल्या रीस्टार्टला पुन्हा तीच निळी स्क्रीन. दुसरी डीव्हीडी चालली. ही फाईल विंडोजच्या अगदी गाभ्यातली आहे. ज्याने ती बदलली त्याचं नाव मला माहीत नाही, तो कुठल्या देशातला तेही माहीत नाही, आणि पतसंस्थांचे ताळेबंद त्याच्या भरवशावर छापले जाणार होते. मी त्या रात्री फाईल तीन अँटिव्हायरसमधून काढली. तरीही मन भरलं नाही.

तिसऱ्या दिवशी माऊसशिवाय, नुसत्या टॅब आणि बाणांच्या कळांवर, डिव्हाइस मॅनेजरपर्यंत जाऊन यूएसबीचा ड्रायव्हर टाकला. तोही हौशी लोकांनीच विंडोज ८ मधला मागे आणलेला. पॉइंटर हलला. अण्णा तोवर येऊन बसले होते. त्यांनी स्क्रीनवर वाचलं की आठ जीबीपैकी वापरता येतात तीन-सव्वातीन. “बाकीचे कुठं गेले?” ३२ बिटला चारच्या पुढे मोजता येत नाही, हे सांगितलं. “म्हणजे निम्मे पैसे पाण्यात.” हो.

लॉक राहिलं होतं. बोर्डावर पॅरलल पोर्ट नाही, म्हणून पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड लावलं. विंडोजला पोर्ट दिसला, प्रिंटर त्यावर चालला, लॉक सापडेना. ताई मागे उभ्या होत्या आणि बाहेर एका सोसायटीचे सचिव प्लास्टिकच्या खुर्चीत. बोर्डावरच्या पॅरलल पोर्टचा पत्ता पूर्वीपासून ३७८. जुन्या लॉकांचे ड्रायव्हर थेट त्या दारावर जाऊन कडी वाजवतात. कार्डावरच्या पोर्टला मात्र विंडोज मोकळा असेल तो पत्ता देतं, त्यामुळे आपलं लॉक वेगळ्याच गल्लीत राहायला गेलेलं. ड्रायव्हरबरोबर आलेल्या एका छोट्या प्रोग्राममध्ये पत्ता हाताने लिहायची जागा होती. रिसोर्सेसमधून कार्डाचा पत्ता बघून तिथे टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, फाईल उघडली.

‘सभासद बंधू-भगिनींनो’ असं स्क्रीनवर उमटलं. र्‍हस्व-दीर्घ, रफार सगळं जागच्या जागी. सचिव आत येऊन म्हणाले, “झालं का? मग आमचा आधी घ्या.”

बिलावरून थोडं झालं. फॉरमॅट मारायचे आमच्याकडे पाचशे रुपये, आणि ओएस म्हणजे पाचशे, असं प्रत्येकाच्या डोक्यात बसलंय. तीन दिवसांचं काय लावायचं? कार्डांचे आणि एसएसडीचे पैसे लावले, मजुरीचे दोन हजार लिहिले. अण्णांनी दीड दिले आणि वर चहा. कॅबिनेटवर मी मार्करने लिहिलं, ‘नेट जोडू नये’. पूर्ण डिस्कची प्रत काढून दुकानात ठेवली. हे मशीन बिघडलं तर माझ्याशिवाय कोणाला उभं करता येणार नाही, हे अण्णांना मी सांगितलं. त्यांना ते कौतुकाचं वाटलं.

निघताना ताई टायपिंग करता करता म्हणाल्या, “दादा, त्या नव्या मशीनवर विंडोज अकरा होतं ना? ते चाललं असतं मला.”

मी म्हटलं, “तुमचा कीबोर्ड वेगळा, ताई. अण्णा म्हणाले तुम्हाला नवीन जमणार नाही.”

“घरी मुलाच्या लॅपटॉपवर युनिकोडमध्येच, लॉकशिवाय, करते की. बचत गटाची सगळी पत्रं. अहवालाची पानं ती किती, सोळा. दोन रात्रीत परत मारली असती.”

“आणि जुन्या फाईली?”

त्या थोडं थांबल्या. “लग्नपत्रिका हव्यात अण्णांना. पण त्या तरी कोण परत छापतं?”

मी तीन दिवस चिपसेट, प्रोसेसर, पोर्टचा पत्ता, सगळ्यांना विचारलं. जिच्या हाताखाली ते मशीन चालणार होतं ती बाई रोज सकाळी माझ्या दुकानावरूनच प्रेसमध्ये जाते. बरं, विचारलं असतं तर मी तरी ऐकलं असतं का, तेही मला नक्की सांगता येत नाही. सीएसएमची ओळ पांढरी झाली तेव्हा टाळी मी अण्णांसाठी वाजवली नव्हती.

अहवाल वेळेत गेले. दिवाळीत अण्णांनी मिठाईचा पुडा पाठवला, सोबत प्रेसचं नवीन कॅलेंडर, त्या मशीनवर केलेलं. ती २५६ जीबीची एनव्हीएमई अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अँटिस्टॅटिक पिशवीत, वर ‘अण्णा प्रेस’ लिहिलेलं. विंडोज ११ तिच्यावर तसंच आहे. द्यायची राहिली, असं मी पोऱ्याला दोनदा सांगितलंय.