आमची वाटचाल : तीन मेलेली रडारं आणि अंबडचा गाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात रडारचे तीन डोम आहेत आणि तिन्ही मेलेले आहेत. आतला मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी तयार करणारा भाग, काढलेला, केबल कापलेली, वर नुसतं पांढरं टोपलं. बाहेरून कुणी आलं की पहिला आग्रह ठरलेला, "वहिनी, चालू करून दाखवा की!" ते काही दाखवता येत नाही.

आम्ही रडार बनवत नाही आणि विकतही नाही. हौशी लोकांच्या बोटींवर, म्हणजे यॉट, स्पीडबोट, मासे धरायच्या खासगी बोटी यांच्यावर रडार ज्यावर बसतं तो ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट आणि बॅटरीपासून रडारपर्यंत जाणारं वायरचं हार्नेस बनवतो. भोकं जुळवायला आणि वजन तोलायला मेलेला डोम पुरतो. जिवंत डोम हा ट्रान्समीटर, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारं यंत्र असतो. सरकारने सूट दिलेली उपकरणं सोडली तर असं यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा मानला गेला आहे. परवान्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे जावं लागतं. या बोटींची रडारं ९३०० ते ९५०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. जवळच ओझरला विमानतळ आहे, एचएएलचा विमान कारखाना आहे. त्यांच्या शेजारी बसून गंमत म्हणून रडार फिरवायची आम्हाला हौस नाही.

नवऱ्याने टूलरूमची नोकरी सोडून २०११ मध्ये हा गाळा भाड्याने घेतला. एक बेंडिंग प्रेस, एक आर्गन वेल्डिंगचा सेट, आणि नवऱ्याबरोबरच नोकरी सोडून आलेले फोरमन काका. स्विचगिअरवाल्यांचे क्लँप, सोलरचे स्टँड, मिळेल ते जॉबवर्क. मी बी.कॉम. घरी बसून चलनं आणि हिशेब बघायचे. चार वर्षं तशीच गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१५ च्या सिंहस्थात मुंबईचे एक व्यापारी पर्वणीसाठी शेजारच्या गाळेवाल्यांकडे उतरले होते. बोटींवर जीपीएस, फिश फाइंडर, रडार बसवून द्यायचा त्यांचा धंदा. रस्ते बंद, गाडी निघेना, म्हणून वेळ काढायला आमच्याकडे येऊन बसले आणि काकांचं वेल्डिंग बघत राहिले. पंधरा दिवसांनी कुरियरने एक मोडका ब्रॅकेट आला. अलिबागच्या एका स्पीडबोटीवरचा, परदेशी बनावटीचा, वेल्डच्या कडेने चिरलेला. काकांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "हे तुटलेलं नाही, थकलेलं आहे."

ते वाक्य कळायला मला वर्ष लागलं. अठरा इंची डोम पाच ते सात किलोचा असतो. तेवढं वजन कुठलाही पत्रा उचलेल. पण बोट लाटेवर आपटते, इंजिनाची थरथर सतत चालू असते, आणि ब्रॅकेटची स्वतःची लय त्या थरथरीशी जुळली की तो जागच्या जागी नाचायला लागतो. डीजे गल्लीत शिरला की एखाद्याच घराची खिडकी खडखडते, तसं. बोटीवरच्या उपकरणांच्या चाचणीसाठी आयईसी ६०९४५ हे मानक आहे. त्यात उपकरण १०० हर्ट्‌झपर्यंत, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, हलवून बघतात, आणि ज्या लयीला ते नाचतं तिथे थांबून दोन तास तसंच हलवत ठेवतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत आमचा पहिला नमुना अठ्ठेचाळीस मिनिटांत चिरला. काकांनी कोपऱ्यात गसेट, म्हणजे आधाराचा तिरका तुकडा, टाकलं, वेल्ड वाकवणीपासून वीस मिलिमीटर लांब सरकवला. दुसरा नमुना पास झाला.

ब्रॅकेट हलला की माप चुकतं, आणि रडारच्या बाबतीत मापातली चूक थेट स्क्रीनवर दिसते. हे आम्हाला एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, दाखवलं. आमच्या तिसऱ्या लॉटमधल्या काही ब्रॅकेटांची भोकं तीन अंशांनी फिरली होती, कारण जिग, म्हणजे भोकं पाडताना ब्रॅकेट धरून ठेवणारा साचा, उलटी लागली होती आणि ती मीच पास केली होती. मांडव्याहून निघालेल्या बोटीवरचा तांडेल फोनवर म्हणाला, "बोया डोळ्याला समोर दिसतो, तुमच्या टीव्हीत डावीकडे." बोया म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण. तीन अंश म्हणजे एका सागरी मैलावर जवळजवळ शंभर मीटर. दिवसा, निरभ्र हवेत त्याने ते हसण्यावारी नेलं. धुक्यात किंवा पावसाच्या पडद्यात नेलं नसतं.

फिटर म्हणाला, मेन्यूत जाऊन तीन अंश वळवून घेऊ, काम झालं. वळवता येतात, सगळ्या रडारांत ती सोय असते. पण उद्या कुणी यंत्र रिसेट केलं की तो आकडा गेला, आणि आपली चूक पुन्हा त्याच्या स्क्रीनवर. मी तो लॉट परत मागवला. नवरा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. आता प्रत्येक ब्रॅकेटच्या पायावर बोटीच्या नाकाच्या दिशेची रेघ कोरलेली असते आणि तपासणीच्या कागदावर तो कोन हाताने लिहिलेला असतो.

परत मागवायचं बळ मला एका नियमातून मिळालं. मोठ्या जहाजांना, म्हणजे तीनशे टनांच्या वरच्यांना, सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रडार सक्तीचं आहे. हौशी बोटीला तशी सक्ती नाही. त्यामुळे धंद्यातले बरेच जण म्हणतात, इथे कसले आलेत नियम? पण समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम बोटीचा आकार बघत नाहीत. त्यातला सातवा नियम म्हणतो, रडार बसवलेलं असेल आणि चालत असेल, तर त्याचा नीट वापर केलाच पाहिजे. पुढे असंही म्हणतो की तुटपुंज्या माहितीवरून, त्यातही रडारच्या तुटपुंज्या माहितीवरून, अंदाज बांधू नका. म्हणजे रडार नसलं तर चालेल, पण बसवलं की त्याची जबाबदारी आली. मालकाने हौसेने बसवलेलं यंत्र त्याच्या गळ्यात कर्तव्य म्हणून पडतं, आणि ते कर्तव्य आमच्या चार बोल्टांवर उभं असतं. हा नियम मी छापून गाळ्याच्या दारामागे चिकटवला आहे. काका त्याला "वहिनींची आरती" म्हणतात.

बोल्टांवरून आठवलं. आमची सगळ्यात महाग चूक बोल्टांचीच.

रेडिओ उपकरणांचा युरोपीय निर्देश, २०१४/५३, जून २०१७ मध्ये जुन्या नियमांची सवलत संपून पूर्णपणे लागू झाला, तेव्हा तिकडचे सगळे व्यापारी कागद मागायला लागले. नेदरलंड्सच्या एका खरेदीदाराने आमचे ब्रॅकेट घ्यायची तयारी दाखवली, फक्त मीठ-फवाऱ्याची चाचणी द्या म्हणाला. पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, बंद पेटीत दिवसेंदिवस धुकं. आम्ही ॲल्युमिनियम चांगलं वापरलं, पावडर कोटिंगआधीचं धुणं नीट करून घेतलं, आणि बोल्ट घेतले नेहमीच्या ओळखीतून. बिलावर ३१६, म्हणजे खाऱ्या पाण्याला टिकणारं स्टेनलेस, लिहिलं होतं. चौथ्या दिवशी पेटीतून फोटो आले, प्रत्येक बोल्टाखाली तांबडी ओघळ. निघाला ग्रेड २०२, निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेला, स्वस्तातला. लोहचुंबक लावून बघितलं होतं ना? होतं. चुंबक ३१६ ला चिकटत नाही आणि २०२ लाही चिकटत नाही. या परीक्षेवर अख्ख्या एमआयडीसीचा विश्वास आहे आणि ती निरुपयोगी आहे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते बघायची थेंबाची चाचणी येते. आता प्रत्येक खोक्यातले पाच बोल्ट तो थेंब झेलतात, मगच खोकं आत येतं. ते शिकायला आम्हाला साडेतीन लाख मोजावे लागले. पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. असो.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम मरतं, हे आधी माहीत होतं म्हणून प्रत्येक बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर होता. निदान तेवढी अब्रू वाचली.

हार्नेसचं काम मात्र मला मनापासून आवडतं, कारण त्यात हिशेब आहे. बॅटरी बारा व्होल्टची, वाटेत तीन टक्क्यांहून जास्त व्होल्टेज पडू द्यायचं नाही, म्हणजे ०.३६ व्होल्ट. वायर जाऊन परत येते, त्यामुळे बोट सहा मीटर असली तरी लांबी बारा मीटर धरायची. ही साधी गोष्ट विसरून कितीतरी जण बारीक वायर घालतात. इंजिन स्टार्ट करताना रडार का बंद पडतं याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. तांब्याला कथिलाचा मुलामा हवा, नाहीतर आवरणाच्या आत दोन पावसाळ्यांत तार काळी पडते. आणि फ्यूज बॅटरीपासून दोनशे मिलिमीटरच्या आत. फ्यूज रडारजवळ लावला तर रडार वाचेल, पण मधली वायर घासून शॉर्ट झाली तर बोट पेटेल. लहान बोटीवरून पळणार कुठे?

किरणांचा प्रश्न आमच्याकडे दर सहा महिन्यांनी नव्याने येतो. पॅकिंगला एक नवीन मुलगी आली, गरोदर होती, तिच्या सासूबाईच विचारायला आल्या. मी त्यांना चहा दिला आणि मेलेला डोम उघडून दाखवला. मग सांगितलं : जिवंत असतानासुद्धा हे यंत्र चार किलोवॅटचा ठोका मारतं, पण तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. सरासरी काढली तर काही वॅट, घरातल्या एलईडी दिव्याएवढे. नवीन पद्धतीच्या रडारांत मॅग्नेट्रॉनच नसतो, त्यांचा ठोकाच वीस-पंचवीस वॅटांचा. तरी झोत एकवटलेला असतो, म्हणून जवळून तोंडासमोर घ्यायचा नाही. जनतेसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा एका चौरस मीटरला दहा वॅट आहे, आणि ती कुठल्या अंतरावर पाळली जाते ते प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सासूबाईंना आकड्यांपेक्षा आतली रिकामी जागा पटली. "इथे काहीच नाहीये की," म्हणाल्या.

खरा धोका बोटीवर असतो, तो बसवणाऱ्याला. डोम माणसाच्या डोक्याच्या वर हवा, डेकवर कुणी शिडीवर असताना ट्रान्समिट दाबायचं नाही, धक्क्याला लागल्यावर ते बंद. आणि जुन्या डोमचं झाकण उघडायचं नाही, आत काही हजार व्होल्ट तयार होतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. हे आम्ही मराठीत एका पिवळ्या कार्डावर छापून प्रत्येक खोक्यात घालतो. निर्यातीच्या मालातही चुकून दोनदा गेलं. डच माणसाने विचारलं, हे काय आहे? सांगितल्यावर म्हणाला, राहू दे, छान दिसतं.

एकदा मात्र त्याच माणसाने अडचणीत टाकलं. हार्नेसच्या मधला, वायरीतला विजेचा गोंगाट गाळणारा फिल्टरचा डबा त्याला आवडला, त्यावर तुमच्याच नावाचा स्टिकर लावून पाठवा म्हणाला. नवरा खूश. अंबडच्या फर्मचं नाव युरोपात! मी कायदा वाचला तेव्हा कळलं, ज्याचं नाव डब्यावर तो उत्पादक. म्हणजे विद्युत-चुंबकीय गोंगाटाचे २०१४/३० चे नियम पाळल्याचं घोषणापत्र आमच्या सहीने, चाचणीचे अहवाल आमचे, आणि शेवटचा डबा बाजारात गेल्यानंतर दहा वर्षं सगळी फाइल सांभाळायची. चार महिने लागले. पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी आधी घरीच केली : साडेबारा मिलिमीटरचं तोंड, मिनिटाला शंभर लिटर, तीन मिनिटं. काकांनी टँकरवाल्याला थांबवून त्याच्याच पाइपला तोंड बसवलं. वायर डब्यात शिरते तिथल्या ग्लँडमधून पाणी गेलं, ग्लँड बदलला. आता कोपऱ्यात गोदरेजचं कपाट आहे, त्याची किल्ली माझ्या मंगळसूत्राजवळच्या साखळीत असते.

नाही म्हटलेली कामंही सांगायला हवीत. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले, दुबईहून सूटकेसमधून रडार आणतो, तुम्ही फक्त बसवून द्या. परवान्याचं विचारलं तर म्हणाले, खासगी बोट आहे, कोण बघतंय? आम्ही ब्रॅकेटही दिला नाही. दुसऱ्याने दिला असेल.

मी स्वतः चालू रडार पहिल्यांदा पाहिलं ते ब्रॅकेटचं काम सुरू करून चार वर्षांनी, मांडव्याला, त्याच तांडेलाच्या बोटीवर. मान वर करून मी आधी कोरलेली रेघ शोधली, मग स्क्रीन बघितला. तो म्हणाला, "ताई, बोया इकडे आहे, बाहेर बघा."

चोवीस इंची डोमचा नवा ब्रॅकेट दिवाळीनंतर पुण्याला जाणार आहे. काकांनी गसेट आणखी जाड केलं आहे, मी वजनावरून भांडते आहे. सध्या तो सहाशे ग्रॅमने जास्त भरतो आहे.