वेदरायझेशनची मुकादमी : क्रू लीडर प्रमाणपत्राचा माझा अनुभव

अमेरिकेत घरांची हवागळती बुजवणाऱ्या आणि भिंती-माळ्यांत इन्सुलेशन भरणाऱ्या टोळीच्या प्रमुखाला क्रू लीडर म्हणतात, आणि या कामाला वेदरायझेशन. आपल्याकडे त्याला सरळ मुकादम म्हटलं असतं. माझी समजूत अशी होती की काम हाताने येत असेल तर हे प्रमाणपत्र म्हणजे औपचारिकता. अभ्यासाला बसल्यावर कळलं की इन्सुलेशन भरायची नळी कशी धरायची हे कोणी फारसं विचारत नाही. काम कधी थांबवायचं, कोणाला फोन करायचा आणि दुसऱ्याने केलेलं काम मोजून कसं घ्यायचं, सगळा भर त्यावर आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. तेलटंचाईनंतर १९७६ साली केंद्राच्या कायद्याने वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम सुरू झाला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरात हे काम फुकट होतं. पैसा केंद्राच्या ऊर्जा खात्याकडून राज्याकडे आणि तिथून स्थानिक संस्थेकडे येतो. या कामासाठी होम एनर्जी प्रोफेशनल या नावाने चार प्रमाणपत्रं आखली गेली : रेट्रोफिट इन्स्टॉलर टेक्निशियन, क्रू लीडर, एनर्जी ऑडिटर आणि क्वालिटी कंट्रोल इन्स्पेक्टर. ती बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे बीपीआय, देत आली आहे. ऑडिटर घर तपासून कामाची यादी बनवतो, टोळी ती यादी पुरी करते, इन्स्पेक्टर शेवटी येऊन पाहतो. २०१५ पासून प्रमाणित इन्स्पेक्टरने पास केल्याशिवाय या कार्यक्रमातलं घर पूर्ण झालं असं धरलं जात नाही. मुकादम या दोघांच्या मधे अडकलेला. यातलं कोणतं प्रमाणपत्र सध्या मिळतं, अनुभवाच्या अटी काय आणि फी किती, हे बीपीआयच्या चालू हँडबुकातच पाहा, आणि तुमचं राज्य वर काय मागतं ते आधी विचारा. प्रशिक्षणकेंद्र निवडताना आयआरईसी या केंद्रं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं निवडा.

मुख्य परीक्षेच्या आधी मी दोन गोष्टी उरकल्या. पहिली ओशाचा, म्हणजे कामगार-सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचा, सुरक्षा-अभ्यासक्रम. मुकादमाला १० तासांचा कमी पडतो, ३० तासांचा करावा. दुसरी शिशाच्या रंगाची. १९७८ पूर्वी बांधलेल्या घरात ईपीएचा, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याचा, आरआरपी नावाचा दुरुस्ती-रंगकामाचा नियम लागू होतो. त्यासाठी ८ तासांचा सर्टिफाइड रेनोव्हेटरचा कोर्स आहे, प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. घरात एका खोलीमागे ६ चौरस फूट आणि बाहेर २० चौरस फूट यांहून जास्त रंगीत पृष्ठभाग छेडला की नियम लागतो, आणि खिडकी बदलायची असेल तर क्षेत्रफळ पाहायचंच नाही, नियम लागतोच. यातली मेख अशी. बाहेरून भिंतीत अडीच इंची ६० भोकं पाडली तर मिळून जेमतेम २ चौरस फूट होतात. पण तीच भोकं पाडण्यासाठी ६ इंच रुंदीच्या फळीची ५० फुटांची ओळ काढली तर हिशेब भोकांचा राहत नाही, काढलेल्या अख्ख्या फळीचा होतो : २५ चौरस फूट. म्हणजे जमिनीवर प्लॅस्टिक, कडेने फलक आणि शेवटी सफाईची पडताळणी, सगळं आलं. टोळी सकाळी फळी उचकटायला लागण्याआधी हा हिशेब मुकादमाच्या डोक्यात झालेला हवा.

तिसरी गोष्ट दाढी. रेस्पिरेटर चेहऱ्याला घट्ट बसतो का, याची दरवर्षी फिट टेस्ट होते, आणि मास्कची कड जिथे टेकते तिथे केस चालत नाहीत. दोन दिवसांची खुंटसुद्धा नाही. टोळीत कोणी दाढीवाला असेल तर त्याच्यासाठी डोक्यावरून घालायचा, हवा पुरवणारा सैल हूड आधीच मागवून ठेवा. त्याशिवाय ऐन वेळी त्याला माळ्यावर चढू द्यायचं नाही.

लेखी परीक्षेत गणित सोपं असतं, पण घाईत फसवतं. ब्लोअर डोअर म्हणजे दारात बसवलेला पंखा. तो घराचा दाब बाहेरपेक्षा ५० पास्कलने खाली आणतो, आणि त्यासाठी मिनिटाला किती घनफूट हवा ओढावी लागली ते सांगतो. या आकड्याला सीएफएम-५० म्हणतात. १५०० चौरस फुटांचं, ८ फूट उंचीचं घर म्हणजे १२,००० घनफूट. सीएफएम-५० जर ३००० असेल तर ३००० गुणिले ६०, भागिले १२,०००, उत्तर १५ : त्या दाबाला तासाला १५ वेळा हवा बदलते. १८०० वर आणलं तर ९. वायुवीजनाचं सूत्रही तोंडपाठ हवं. अ‍ॅश्रे ६२.२ या वायुवीजनाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत क्षेत्रफळाच्या ०.०३ पट, अधिक ७.५ गुणिले बेडरूमपेक्षा एक जास्त. याच घरात तीन बेडरूम असतील तर ४५ अधिक ३०, म्हणजे ७५ सीएफएम, मिनिटाला ७५ घनफूट हवा. बाथरूमच्या पंख्यावर ८० छापलंय म्हणून तो ८० ओढतो असं समजू नका. लवचिक डक्टला, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळाला, एक झोळ पडला की निम्मं होतं. हवेचा प्रवाह मोजणारा फ्लो बॉक्स लावून मोजा, आणि डक्टचं तोंड छपराबाहेर आहे का ते स्वतः डोकं घालून पाहा. माळ्यातच सोडलेला डक्ट म्हणजे हिवाळ्यात छपराच्या प्लायवर दव आणि वसंतात बुरशी.

मोजमापाबद्दल एक आडवी गोष्ट. आपले सुतार सुतात मोजतात, ८ सूत म्हणजे १ इंच. इथल्या टेपवर त्याच्याही निम्म्या, १६ रेघा असतात. सुताची सवय असलेल्याला टेप वाचणं जड जात नाही. गोंधळ होतो तो नावांचा. टू बाय फोर नावाचं लाकूड रंधा मारल्यावर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं, आणि भिंतीतली पोकळी साडेतीनच इंच खोल असते. ४ धरून इन्सुलेशनची पोती मागवली की गणित चुकलंच.

भिंतीत सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या भुशाचं इन्सुलेशन, दाबून भरतात, घनफुटाला ३.५ पौंड. यापेक्षा सैल राहिलं तर कालांतराने खाली बसतं आणि वर थंड पट्टा उरतो. १००० चौरस फूट भिंत गुणिले साडेतीन इंच म्हणजे सुमारे २९२ घनफूट. त्यातले १५ टक्के लाकडाचे वजा केले की २४८. गुणिले ३.५, साधारण ८६८ पौंड. पोतं २५ पौंडांचं असेल तर ३५ पोती. हा आकडा मी काम सुरू करण्याआधी व्हॅनच्या दारावर मार्करने लिहितो. २५ पोत्यांत भिंत भरली असं कोणी सांगितलं तर आत पोकळ्या आहेत. मधे आडवं लाकूड होतं, नळी तिथेच अडली आणि वरचा भाग रिकामा राहिला. म्हणून नळीवर दर फुटाला टेपचा पट्टा असावा आणि ती पोकळीच्या टोकापासून फूटभर अंतरापर्यंत गेलीच पाहिजे. उलट ५० पोती लागली तर माल दुसरीकडे चाललाय. जुन्या बलून फ्रेमच्या, म्हणजे तळापासून छपरापर्यंत अखंड उभ्या लाकडांच्या, घरात भिंतीची पोकळी सरळ तळघरात उघडते. कधी माल स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मागे साचतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीतूनच नेलेल्या रिटर्न डक्टमध्ये, म्हणजे घरातली हवा परत भट्टीकडे नेणाऱ्या वाटेत. घर तापवणारी ही भट्टी सुरू केली की घरभर राखाडी भुसा. म्हणून एक माणूस कायम आत हवा. तो भिंतीवर तळहात ठेवून फिरतो आणि ड्रायवॉल, म्हणजे आतल्या बाजूचा जिप्समचा पत्रा, फुगताना दिसली की ओरडतो. मशीनचा रिमोट कोणाच्या हातात आहे आणि ओरडलेलं त्याला ऐकू जातं का, हे मुकादमाने आधी ठरवायचं.

प्रात्यक्षिकात बोलत राहा. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही. ब्लोअर डोअर लावण्याआधी घरभर फिरून प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणायची : खिडक्या बंद, आतली दारं उघडी, भट्टी आणि वॉटर हीटर बंद, फायरप्लेसमधली राख काढली किंवा झाकली, पंखा बंद असताना दाबाचा मूळ आकडा, म्हणजे बेसलाइन, घेतली. राख विसरलात तर ती दिवाणखान्यात पसरते, आणि ती कोणी विसरत नाही. चाचणीनंतर वॉटर हीटर परत लावायचं राहून जातं, त्यावर इथल्या लोकांचा जुना उपाय आहे : गाडीची किल्ली हीटरवर ठेवायची. मी तो तसाच उचलला.

मग थांबण्याच्या जागा. माळ्यावर चमकदार, खड्यांसारखं वर्मिक्युलाइट दिसलं तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालायचं. असा बराचसा माल मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आला होता. ती १९९० साली बंद झाली, पण तिचा माल अजून घराघरांत आहे. तिथे पंख्याने दाब उतरवायचा नाही, कारण माळ्यातली धूळ खाली खेचली जाते. चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली जुनी उघडी वायरिंग दिसली तर तिच्यावर इन्सुलेशन टाकायचं नाही. आधी इलेक्ट्रिशियन, आणि पुढे राज्याचा नियम. गॅसगळतीचं यंत्र स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर गेलं तर सगळे बाहेर, आणि गॅस कंपनीला फोन बाहेरून करायचा. दिव्याचं बटणही दाबायचं नाही. खोलीतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३५ भाग) वर गेलं की काम बंद, उपकरण बंद, खिडक्या उघड्या. ७० झालं की घर रिकामं. चिमणीचा धूर उलटा घरात येतो का, हे घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे आणि कपड्यांचा ड्रायर चालू ठेवून पाहतात. गार चिमणीतून ५ मिनिटांनीही वायू बाहेर जाईना, तर नापास. घर जितकं घट्ट कराल तितका हा धोका वाढतो, म्हणून ही चाचणी काम सुरू होण्याआधी होतेच, आणि गळती बुजवलेल्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी पुन्हा करायची.

कामाचा क्रम हा परीक्षेतला आवडता प्रश्न आहे आणि साइटवरचं नेहमीचं भांडणही. माळ्यावर आधी भोकं बुजवायची, मग इन्सुलेशन. वायरींची, पाइपांची, भिंतींच्या डोक्यावरची भोकं एकदा १६ इंच सेल्युलोजखाली गाडली गेली की ती परत कोणी शोधत नाही. चिमणीच्या भोवती फोम चालत नाही. तिथे २६ गेजचा पत्रा आणि उष्णता सोसणारं कॉक, म्हणजे फटी भरायची लुकणासारखी पेस्ट. आयसी शिक्का (इन्सुलेशनला टेकलेलं चालतं ही खूण) नसलेल्या छतातल्या दिव्यांपासून ३ इंच लांब बांध घालायचा. छपराच्या कडेची हवा चालू राहावी म्हणून बॅफल, म्हणजे हवेची वाट मोकळी ठेवणारे आडोसे, आधी ठोकायचे, कारण मागाहून तिथे सरपटत जाऊन जो ठोकतो तो भरलेलं सगळं तुडवतो. दोन डब्यांचा फोम रात्री व्हॅनमध्ये राहिला असेल तर सकाळी वापरू नका. रसायनं साधारण ७५ फॅरनहाइटवर असावी लागतात; गार डब्यातून दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात येत नाहीत आणि फोम एक तर चिकट राहतो, नाहीतर भुगा होतो.

यादीत नसलेलं काम दिसलं तर टोळी म्हणते, पाच मिनिटांचं आहे, करून टाकू. करायचं नाही. प्रत्येक उपायाचा खर्च वाचणाऱ्या ऊर्जेतून भरून निघतो हे ऑडिटरने हिशेबाने दाखवलेलं असतं, ते गुणोत्तर किमान १ असावं लागतं. म्हणून फोटो काढायचा, ऑडिटरला फोन करायचा आणि बदल कागदावर आला की मगच हात लावायचा. फोटो आधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा. भोकं गाडली गेल्यावर चालू असतानाचा फोटो हाच एक पुरावा उरतो.

आता माळ्यावरच्या इन्सुलेशनची जाडी मोजण्याबद्दल, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, कधी नकळत. दर ३०० चौरस फुटांना एक मोजपट्टी, आकडे माळ्याच्या दाराकडे तोंड करून. पण मशीनमध्ये हवा वाढवली की तोच माल फुलून जास्त उंच दिसतो. पट्टीवर जाडी बरोबर भरते आणि काही महिन्यांत माल खाली बसतो. म्हणून पोत्यावरचा तक्ता वाचायचा. आर-मूल्य म्हणजे इन्सुलेशन उष्णतेला किती अडवतं त्याचा आकडा; आर-४९ साठी १००० चौरस फुटांना किमान किती पोती आणि चौरस फुटाला किती पौंड, हे तिथे छापलेलं असतं. आधीचं आर-११ शाबूत असेल तर आर-३८ ची ओळ पाहायची. दाराजवळ जे कार्ड ठोकायचं त्यावर तारीख, क्षेत्रफळ, आर-मूल्य आणि पोत्यांची संख्या लिहायची आणि सही करायची. इन्स्पेक्टर ती संख्या मालाच्या बिलाशी ताडून पाहतो. त्यामुळे रिकामी पोती मी मोजेपर्यंत कोणालाही कचऱ्यात टाकू देत नाही. दहा-दहाच्या गड्ड्या बांधून व्हॅनच्या मागे ठेवायला सांगतो.