कोय कलमांचा खरा हिशेब

दापोली तालुक्यात आमची आंब्याची रोपवाटिका आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोय कलमं बांधायची. रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या, ताज्या कोयी गादीवाफ्यावर रुजवायच्या आणि रोपं कोवळी, तांबूस असतानाच कापून त्यावर हापूसची काडी, म्हणजे शेंड्याकडची डहाळी, पाचर करून बसवायची. काडी तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेला. झाडावरच आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ राखून छाटलेली. एवढं इथे सगळ्यांना येतं. मला सोडवायचं होतं ते वेगळंच: कलम साधलं, हे कधी म्हणायचं?

आमच्याकडे डोळा फुटला की 'कलम लागलं' म्हणत. पण काडी स्वतःत साठलेल्या अन्नावरही फुटते, सांधा जुळलेला नसला तरी. मग पानं माना टाकतात. त्यामुळे श्रावणातला आकडा भरघोस दिसायचा आणि विक्रीला तेवढी कलमं नसायची.

म्हणून मी वही घातली. दर खेपेची तारीख, काडी कोणत्या मातृवृक्षाची, बांधलं कुणी, किती बांधली. टक्केवारी काढताना भागायचं ते बांधलेल्या एकूण संख्येनंच. मेलेलं कलम उचलून टाकलं म्हणून ते हिशेबातून जात नाही, यावर मी अडून बसले. पहिली मोजणी महिन्यानं, दुसरी तीन महिन्यांनी, शेवटची विक्रीच्या वेळी.

दुसऱ्या मोजणीला मी प्रत्येक कलमाजवळ वाकून सांधा बघते. सांध्याखालून आलेला फुटवाही तसाच तांबूस, लुसलुशीत असतो, पण तो रायवळचा. तो खुडायचा, मोजायचा नाही. वरच्या काडीची पालवी पिकून हिरवी झाली असेल तरच कलम धरायचं. शंका आली तर साल नखानं जरा खरवडते. आत हिरवी ओल असेल तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर गेलेलं.

वहीतून दिसलं की मर सर्वात जास्त पहिल्या दोन मोजण्यांच्या मधे होते, आणि तीही मुसळधार पावसात बांधलेल्या खेपांत. सांध्यात पाणी शिरलं की काडी काळी पडते. आता तशा दिवसांत बांधणी थांबवतो.

आगाऊ नोंदणीही तीन महिन्यांच्या मोजणीनंतरच घेते. बागायतदार त्या आकड्यावर खड्डे खणतो, आणि कलम मेलं तर त्या जागेचं एक वर्ष वाया जातं.