झूच्या किल्ल्यातली फायरप्लेस

हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लुव्हेर्तुर याला नेपोलियनने फ्रान्समधल्या झूच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. त्याच्या कोठडीत नीट पाहावं असं एकच आहे, फायरप्लेस. बाकी कमानदार दगडी छत, ओलसर भिंती, बरीचशी बुजवलेली खिडकी. पुतळा नंतर आणून ठेवलेला, त्यात वेळ घालवू नका. ७ एप्रिल १८०३ ला तुसाँ याच फायरप्लेसजवळ खुर्चीत, डोकं धुराड्याला टेकलेल्या अवस्थेत मृत सापडला.

ऑगस्ट १८०२ मध्ये त्याला इथे आणलं. साठीला टेकलेला, जन्म उष्ण कटिबंधातला, आणि किल्ला ज्युरा पर्वतात सुमारे हजार मीटरवर. नेपोलियनने जागा हेरून निवडली होती: समुद्रापासून लांब, म्हणजे सुटका करायला जहाज यायचा प्रश्नच नाही. सप्टेंबरात नेपोलियनचा जनरल काफारेली चौकशीला आला, तो मुख्यतः दडवलेल्या खजिन्याच्या. हाती काही लागलं नाही. सोबतचा नोकरही हलवला, लिहायचं साहित्य काढून घेतलं, सरपण आणि जेवण कमी केलं. ओल्या दगडी खोलीत जाळ कमी झाला की काय होतं ते छातीला आधी कळतं. शवविच्छेदनात फुप्फुसाचा दाह निघाला. डोक्याच्या रुमालात मात्र त्याने लिहिलेले कागद लपवलेले होते. मला तिथे राग आला तो थंडीपेक्षा या हिशेबी काटकसरीचा.

त्याला देवही करू नका. त्याच्या १८०१ च्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची बंद केली, पण मजुरांना मळा सोडून जायची मोकळीक दिली नाही.

जायचं असेल तर पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून स्वित्झर्लंडमधल्या लोझानकडे जाणाऱ्या टीजीव्हींपैकी (वेगवान गाड्यांपैकी) काहीच फ्रान स्टेशनला थांबतात, तेव्हा थांबा बघूनच तिकीट काढा. पुढे पाँतार्लिए, आणि तिथून पाचेक किलोमीटरवर ला क्लूझ-ए-मिझू गावाच्या डोक्यावर किल्ला. हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे तुसाँने सोसलेली थंडी अनुभवायचा बेत सोडा. भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतोच.

सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्यांना चढण किरकोळ वाटेल. दम काढतात त्या पाच तटबंद्या, मधले खंदक आणि उचलपूल. शंभर मीटरहून खोल विहिरीपाशी आणि बर्थेच्या (नवऱ्याने इथे कोंडून ठेवलेल्या बाईच्या) दंतकथेपाशी मंडळी हमखास रेंगाळतात. फेरी फ्रेंचमध्ये असली तर लक्लेर आणि देसालीन ही दोन नावं आधी वाचून जा: पहिला नेपोलियनचं सैन्य घेऊन सँ-दोमँगला, म्हणजे आजच्या हैतीला, आला आणि १८०२ च्या नोव्हेंबरात पीतज्वराने तिथेच मेला, दुसऱ्याने, तुसाँच्याच एका सेनानीने, फ्रेंचांना हरवून १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्हला हैतीचं स्वातंत्र्य जाहीर केलं. तुसाँला जाऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते.

समाधी शोधू नका. त्याला किल्ल्यातल्या चॅपेलात पुरलं होतं, पण पुढे एकोणिसाव्या शतकात किल्ल्याची नव्याने बांधणी झाली, तेव्हा अस्थी कुठे गेल्या याचा पत्ता राहिला नाही.